अँटिव्हायरस 'क्लीन' म्हणतो आणि दोन दिवसांनी ट्रोजन परत हजर: नेमकं काय तपासायचं?

विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसची सूचना येते की मशीनमध्ये ट्रोजन, म्हणजे साध्या फाईलच्या वेषात शिरलेला घातक प्रोग्राम, सापडला. आपण 'रिमूव्ह' दाबतो, हिरवी टिक दिसते. परवा सकाळी मशीन चालू केलं की तीच सूचना, तेच नाव. मग शेजारच्या दुकानातला कोणीतरी सांगतो, दुसरा अँटिव्हायरस टाक. तो टाकला की दोन्ही अँटिव्हायरस एकमेकांच्याच फायली धरत बसतात, टॅली उघडायला चहा पिऊन यावं लागतं, आणि ट्रोजन जिथल्या तिथे.

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात ऑफिसच्या मशीनची ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. काजूचे कारखाने, आंब्याची पॅकहाउस, मासळीचे निर्यातदार, होमस्टे, ई-सेवा केंद्रं, कर सल्लागार. जिथे अनोळखी माणसाकडून मेलवर कागद येणं हेच रोजचं काम, तिथे ही लागण जास्त. "अनोळखी अटॅचमेंट उघडू नका" हा सल्ला अशा ऑफिसात कोणी पाळूच शकत नाही. नवं गिऱ्हाईक अनोळखीच असतं.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या ट्रोजनबद्दल माझं म्हणणं एकच आहे. नावाच्या मागे लागू नका, पाथ वाचा. सूचनेत 'ट्रोजन: विन३२/वाकाटॅक' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि माणूस ते नाव गुगलवर टाकून अर्धा दिवस घालवतो. त्यात नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि 'एमएल' असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की मशीन लर्निंगने फाईल संशयास्पद ठरवली. ती फाईल काय करते, कुठून आली, यातलं काहीच त्या नावातून कळत नाही. पण त्याच सूचनेत खाली 'अफेक्टेड आयटम्स' म्हणून फाईलचा पूर्ण पत्ता, म्हणजेच पाथ, असतो, आणि शेजारी वेळ असते. या दोन गोष्टी कागदावर उतरवा. भिंतीवरची मातीची नळी खरवडली म्हणून वाळवी जात नाही, हे कोकणात जुन्या घरात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. 'रिमूव्ह' बटण तेवढंच काम करतं. नळी कुठून वर आली, ते पाथ सांगतो.

त्याआधी नेट तोडा

वाय-फाय बंद, लॅनची वायर बाहेर, डोंगल असेल तर तोही काढा. बॅकडोअर, म्हणजे ट्रोजनने उघडून ठेवलेली चोरवाट, असलेल्या मशीनवर पलीकडून कोणीतरी हुकूम देत असतो किंवा मशीन आपणहून त्याला माल पाठवत असतं. नेट गेलं की दोन्ही थांबतं.

यूएसबीला डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, टोकन लावलेला असेल तर तोही लगेच काढा. ई-सेवा केंद्रात आणि कर सल्लागारांकडे तो सकाळी लावला की संध्याकाळपर्यंत तिथेच असतो. पिन कीबोर्डवरून टाइप होते, ट्रोजन कीबोर्ड वाचतो आणि टोकन आयताच लावलेला. मग सही करायला तुमची गरज कोणाला? फोनवर व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन त्या मशीनचं सेशनही बंद करा.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून, फोन मोबाइल डेटावर ठेवून. लागण झालेल्या मशीनवर बसून बँकेचा नवा पासवर्ड टाकला, तर तो टाकता टाकताच पलीकडे पोचतो. आधी मेलचा पासवर्ड, मग बँकेचा, मग जीएसटी आणि इन्कम टॅक्स पोर्टलचा. मेल पहिला, कारण बाकी सगळ्यांचं 'फर्गॉट पासवर्ड' तिथेच येतं. आणि नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, चोरल्या असतील तर चोर पासवर्डशिवायही आत राहू शकतो. गुगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर 'युअर डिव्हाइसेस'मध्ये जाऊन अनोळखी आणि ते लागलेलं मशीन, सगळ्यांना साइन आउट करा.

बँकेतून पैसे गेलेच असतील तर पुढचं सगळं वाचणं बाजूला ठेवा. आधी बँकेला कळवा, लगोलग १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता आले तरच मिळतात, म्हणून घाई. त्रयस्थाने केलेल्या अनधिकृत व्यवहाराबद्दल तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७चा नियम आहे. पण पासवर्ड किंवा ओटीपी तुम्हीच कोणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. आणि मोठी रक्कम गेली असेल तर मशीन फॉरमॅट करू नका. हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा, नवी एसएसडी टाकून काम सुरू करा. तो मेलही डिलीट करू नका, पोलिस मागतात.

मेल कसा असतो

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका काजू कारखान्याचं उदाहरण घेतो, कारण एका मशीनमध्ये जवळजवळ सगळे प्रकार सापडले. तिथे आफ्रिकेतून आलेली कच्ची काजू बी लागते, त्यामुळे बंदराचे, शिपिंगचे कागद मेलवर येणं नवं नाही. आलेल्या मेलचा विषय: शिपिंग डॉक्युमेंट्स, बीएल (बिल ऑफ लेडिंग), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट. मजकूर चार ओळींचा, इंग्रजी साफ, खाली एका शिपिंग एजंटची सही आणि लोगो. अटॅचमेंटच्या नावात बीएल, आकडे, मग डॉट पीडीएफ, आणि अगदी शेवटी डॉट आरएआर. नाव एवढं लांब की मेलच्या चौकटीत 'डॉट पीडीएफ'पर्यंतच दिसावं. आरएआर उघडल्यावर आत एक फाईल, तिला पीडीएफचं लाल चित्र, प्रत्यक्षात ती ईएक्सई, म्हणजे दाबताच चालणारा प्रोग्राम.

ऑफिस बघणाऱ्या वहिनींनी जे सांगितलं ते या सगळ्या प्रकरणांत शब्दशः ऐकायला मिळतं: "फाईल दाबलंय, तर कायच दिसला नाय. माका वाटला नेट स्लो आसा, म्हणान आणखी दोनदा दाबलंय."

काहीच न दिसणं हीच खूण. खरी पीडीएफ बिघडलेली असली तरी 'फाईल उघडता येत नाही' एवढं तरी सांगते. दाबल्यावर पडद्यावर काळी चौकट क्षणभर लकाकून गेली, किंवा काहीच झालं नाही, तर फाईल चालली असंच धरा आणि नेट काढा.

विंडोज मुळात ओळखीची एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटची फाईलचा प्रकार सांगणारी अक्षरं, लपवतं, म्हणून 'डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'मधलं फक्त 'डॉट पीडीएफ' दिसतं. ही युक्ती जुनी. मे २०००मध्ये जगभर धुमाकूळ घातलेल्या 'आय लव्ह यू' वर्मची फाईलसुद्धा टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, असल्याचं दाखवणारी व्हीबीएस, म्हणजे दाबताच चालणारी स्क्रिप्ट, होती. एवढी वर्षं झाली तरी ते सेटिंग अजून तसंच आहे, याबद्दल मायक्रोसॉफ्टला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. एक गोष्ट मात्र त्यानेही दिसत नाही: शॉर्टकट, म्हणजे एलएनके. त्याचं एक्स्टेन्शन हे सेटिंग चालू करूनही लपलेलंच राहतं. चित्राच्या कोपऱ्यातला छोटा बाण किंवा 'टाइप' रकान्यातला 'शॉर्टकट' हा शब्द बघायचा. मेलमधून आलेल्या झिपमध्ये शॉर्टकट असण्याचं प्रामाणिक कारण मला तरी माहीत नाही.

पासवर्ड लावलेली झिप हा वेगळा विषय. आपल्याकडे पासवर्डची फाईल उघडायची सवय सरकारने आणि बँकांनीच लावली आहे. बँकेचं स्टेटमेंट, ई-आधार, इन्कम टॅक्सचं १४३(१)चं इंटिमेशन, सगळं पासवर्डनेच उघडतं. त्यामुळे पासवर्ड दिसला की लोकांना उलट विश्वास वाटतो. फरक असा, की खऱ्या कागदात पासवर्ड म्हणजे तुमचीच माहिती असते, पॅन, जन्मतारीख, नावाची पहिली अक्षरं. मेलमध्ये फक्त रीत सांगितलेली असते. भामट्याच्या मेलमध्ये पासवर्ड सरळ लिहिलेला असतो: १२३४, किंवा चालू वर्ष. तो पासवर्ड तुमच्यासाठी नसतोच, मेल तपासणाऱ्या अँटिव्हायरसला झिपच्या आत डोकावता येऊ नये यासाठी असतो. इन्कम टॅक्सच्या नावाने नोटीस आली तर अटॅचमेंटला हात न लावता पोर्टलवर जा. ऑक्टोबर २०१९पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असतो आणि नोटीस खरी की खोटी ते पोर्टलवर पडताळता येतं.

वर्ड-एक्सेलचा धोका आता थोडा कमी झाला आहे. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो, म्हणजे फाईलच्या आत ठेवलेले छोटे प्रोग्राम, आपोआप अडवायला सुरुवात केली, तेव्हापासून ही मंडळी झिप, आयएसओ, शॉर्टकट, वननोट अशा वाटांकडे वळली. पण हे नव्या, अपडेट होणाऱ्या ऑफिसपुरतं. अनेक ऑफिसांत अजून ऑफिस २००७ किंवा २०१० चालू आहे, तेही क्रॅक केलेलं. त्यातल्या इक्वेशन एडिटरमध्ये एक भोक होतं, ते नोव्हेंबर २०१७मध्ये बुजवलं गेलं. ज्यांनी अपडेट घेतलंच नाही, त्यांच्या मशीनवर नुसती फाईल उघडली तरी लागण होते, मॅक्रो चालू करायला कोणी विचारतसुद्धा नाही.

आता पाथ

सूचनेतला पत्ता 'कंटेंट डॉट आउटलुक' नावाच्या फोल्डरमधला, किंवा शेवटी ओएसटी वा पीएसटी (आउटलुकच्या मेल साठवणाऱ्या फायली) असलेला असेल, तर ट्रोजन मेलबॉक्समध्ये पडून आहे. मशीन साफ असू शकतं. आउटलुकने मेल परत खाली उतरवला की सूचना परत. असा मेल वेबवर, म्हणजे ब्राउझरमधून मेल उघडून, इनबॉक्समधून आणि ट्रॅशमधूनही काढा. फक्त आउटलुकमधून काढलं आणि सर्व्हरवर राहिलं तर चक्र चालूच राहतं. थंडरबर्ड वापरत असाल तर जपून. तिथे अख्खा इनबॉक्स एकाच फाईलमध्ये असतो आणि अँटिव्हायरसने ती फाईल क्वारंटाइन केली, म्हणजे वेगळी काढून कोंडली, की सगळे मेल गेल्यासारखे दिसतात. 'रिमूव्ह' दाबण्याआधी फाईलचं नाव बघा.

पत्ता 'डाउनलोड्स'मधल्या जुन्या झिपचा असेल आणि वेळ आठवड्याच्या स्कॅनची असेल, तर बहुधा फक्त ती झिप तिथे पडून आहे. ती शिफ्ट-डिलीट करा. काही वेळा डिफेंडर स्वतःच्या जुन्या नोंदीवरूनच 'रेमिडिएशन इनकम्प्लीट' असं दाखवत राहतो. दिलेल्या पत्त्यावर फाईलच नसेल आणि ऑफलाइन स्कॅनही स्वच्छ आला, तर तो त्याचा घोळ.

काळजी करायची ती पत्ता 'ॲपडेटा', 'टेम्प', 'प्रोग्रामडेटा' किंवा 'यूझर्स'खालच्या 'पब्लिक'मधला असेल आणि सूचना लॉगिननंतर थोड्याच वेळात किंवा ठरावीक अंतराने येत असेल तेव्हा. याचा अर्थ फाईल काढली जाते आणि कोणीतरी ती पुन्हा बनवतं. काजू कारखान्यात हेच होतं. टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी विंडोजची सोय, उघडल्यावर डाव्या बाजूच्या यादीत 'अपडेट्स' नावाचं फोल्डर, आत अर्थ नसलेल्या आठ-दहा अक्षरांच्या नावाचं एक काम. 'ट्रिगर्स'मध्ये: लॉगिन झाल्यावर. 'ॲक्शन्स'मध्ये: 'ॲपडेटा'खालच्या 'रोमिंग'मधली, त्याच अक्षरांची ईएक्सई. हा साचा एजंट टेस्ला या पासवर्ड चोरणाऱ्या ट्रोजनला आणि त्याच्या भाईबंदांना आणून सोडणाऱ्या लोडरमध्ये इतका ठरलेला आहे की मी मशीन हातात आलं की आधी तिथेच बघतो. नाव 'अपडेट्स' असल्यामुळे कोणी हात लावत नाही. 'ॲक्शन्स'मध्ये 'डब्ल्यूस्क्रिप्ट', 'एमएसएचटीए' किंवा लांबलचक अक्षरांच्या शेपटीसह 'पॉवरशेल' दिसलं तरी तोच संशय.

काम काढण्याआधी 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज', आणि सगळ्यात खाली 'एक्स्क्लूजन्स' बघा. हे पान शंभरातला एखादाच उघडतो. ट्रोजन आत आल्यावर पहिल्यांदा करतो ते हेच: स्वतःचं फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्ह, 'इथे तपासू नको' यादीत टाकतो. मग तुम्ही कितीही फुल स्कॅन मारा, निकाल 'क्लीन'च. तिथे तुम्ही स्वतः टाकलेलं काही नसेल तर यादी रिकामी असायला हवी. टॅलीसाठी कोणी कधी एक्स्क्लूजन दिलं असेल तर ते ओळखून ठेवा, बाकी सगळं उडवा, आणि मगच स्कॅन.

स्कॅनही नेहमीचा नाही, ऑफलाइन. 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये शेवटचा पर्याय असतो. मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. जून ते सप्टेंबरात हे काम यूपीएस असल्याशिवाय सुरू करू नका. वादळात दिवे कधी जातील याचा भरवसा नाही आणि मध्येच बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून.

नंतर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स हे फुकट साधन चालवा. मशीन सुरू होताना जे जे आपोआप चालतं ते सगळं एका यादीत येतं. 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' चालू केलं की यादी आटोक्यात येते. प्रिंटर, टॅली, डीएससी टोकनचा ड्रायव्हर, बायोमेट्रिक यंत्राचा ड्रायव्हर, एवढं ओळखीचं वगळून उरलेलं एकेक बघायचं. लगेच डिलीट करू नका, टिक काढा, रिस्टार्ट करा, बघा. एका ई-सेवा केंद्रात अंगठ्याच्या यंत्राची सर्व्हिस व्हायरस समजून कोणीतरी उडवली होती, मग दाखल्यांना आलेले लोक दिवसभर बाकावर.

आणखी एक जागा: टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडा, 'नेटवर्क' टॅब. 'रेगॲझम' किंवा 'एमएसबिल्ड' नावाचं काही नेटवर बोलताना दिसतंय का बघा. दोन्ही विंडोजच्या डॉटनेटबरोबर येणाऱ्या खऱ्या फायली आहेत, प्रोग्रामरच्या कामाच्या. आंब्याच्या पॅकहाउसमध्ये त्यांना इंटरनेटवर काही काम नसतं. ट्रोजन त्यांच्या आत शिरून चालतो, म्हणून प्रोसेसच्या यादीत सगळं सभ्य दिसतं. ही तपासणी नेट चालू असतानाच होते, तेव्हा ती करायची असेल तर पासवर्ड बदलून झाल्यावर, बँकेचं काहीही उघडं नसताना, दोन-चार मिनिटांपुरती.

साफ केलं, तरी आलं

काजू कारखान्यात शेड्युलरमधलं काम काढलं, एक्स्क्लूजन उडवलं, ऑफलाइन स्कॅन स्वच्छ. आठवडाभराने मालकांच्या केबिनमधल्या मशीनवर सूचना, पाथ आउटलुकचा. एकच मेल खातं दोन्ही मशीनवर जोडलेलं. वहिनींच्या मशीनवरून मेल गेला होता, केबिनमध्ये तो तसाच होता, आणि मालकांनी "काय ता बघूया तरी" म्हणून उघडला. छोट्या ऑफिसात एक मशीन साफ करून भागत नाही. त्या मेल खात्याला जोडलेलं प्रत्येक मशीन आणि प्रत्येक शेअर्ड फोल्डर त्याच दिवशी, नेट तोडून, तपासायला हवं. स्कॅनरचं शेअर्ड फोल्डर विशेष करून. त्यात सगळ्यांना लिहिण्याची परवानगी असते आणि आत काय आहे ते कोणीच बघत नाही.

पेन ड्राइव्ह ही तिसरी वाट. पाथ ई किंवा एफ ड्राइव्हचा असेल तर तीच. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटला गेलेला पेन ड्राइव्ह तालुक्यातल्या अर्ध्या मशीनना भेटून येतो. एनजेरॅटसारखे बॅकडोअर मेलमधून शिरतात आणि पुढे पेन ड्राइव्हवरून पसरतात. ड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, तर खरी फोल्डरं लपवलेली आहेत. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी ट्रोजन चालतो, मग फोल्डर उघडतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. प्रिंटसाठी पीडीएफ दुकानाच्या मेलवर पाठवा, ड्राइव्ह नेऊ नका.

आणि चौथी वाट म्हणजे चाकरमानी भाचा. गणपतीला येतो, "काका, मशीन स्लो झालाहा, फॉरमॅट मारतंय" म्हणतो, आणि मुंबईहून आणलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज, ऑफिस आणि दोन्हींचा ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सशिवाय ती चालवणारा क्रॅक, टाकून अनंत चतुर्दशीआधी परत जातो. ॲक्टिव्हेटर चालायला डिफेंडर बंद करावा लागतो, अपडेट बंद करावे लागतात. पोरगं मनाने चांगलं, पण नवरात्रात मशीन माझ्याकडे येतं. पाथमध्ये ॲक्टिव्हेटरचं नाव असेल तर सफाई करण्यात अर्थ नाही. लॅपटॉप विंडोजसह घेतलेला असेल तर लायसन्स बहुतेक मदरबोर्डमध्येच असतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं साधं विंडोज टाकलं तरी ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. म्हणजे क्रॅकची गरज मुळात नव्हतीच.

मशीन साफ, मेलबॉक्स नाही

देवगडकडच्या एका पॅकहाउसमध्ये ट्रोजन गेला होता, स्कॅन स्वच्छ होता, आणि तरी हंगामाच्या ऐन मध्यावर पुण्याच्या एका व्यापाऱ्याचे पैसे भलत्याच खात्यात गेले. व्यापाऱ्याला त्यांच्याच मेलवरून "बँक खातं बदललं आहे" असं कळवलं गेलं होतं. व्यापाऱ्याने शंका विचारणारा मेल पाठवला, तो बागायतदारांना दिसलाच नाही. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' उघडल्यावर सापडलं: पेमेंट, इन्व्हॉइस, बँक हे शब्द असलेला मेल आला की इनबॉक्स टाळायचा आणि वाचल्याची खूण करायची.

ट्रोजनने पासवर्ड नेला की त्याचं काम झालं. पुढचं काम माणूस करतो, निवांत बसून, जुने मेल वाचून, भाव आणि पेट्या बघून. त्यामुळे पासवर्ड बदलल्यावर फिल्टर, शेजारच्याच टॅबमधलं 'फॉरवर्डिंग', रिकव्हरीचा फोन नंबर आणि खात्याला परवानगी दिलेली बाहेरची ॲप्स, हे सगळं डोळ्यांनी बघा. आउटलुकमध्ये 'रूल्स'. तिथे मेल बहुतेकदा 'आरएसएस फीड्स' नावाच्या फोल्डरमध्ये लपवतात, कारण ते कोणी उघडत नाही. आणि खातं बदलल्याचा मेल कोणाकडूनही आला, तरी आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरवर फोन. मेलच्या खाली लिहिलेल्या नंबरवर नव्हे.

फॉरमॅट कधी

मला विचाराल तर, पाथ ॲपडेटातला आणि सूचना पुन्हा पुन्हा, एवढं जमलं की फॉरमॅट. रेमकॉस, असिंकरॅट यांसारख्या रिमोट कंट्रोलच्या प्रकारात पलीकडचा माणूस मशीनवर काहीही करू शकतो. त्याने काय काय ठेवलं हे शोधत बसण्यापेक्षा एका दुपारचं काम बरं. घरगुती मशीन असेल, बँकिंग होत नसेल, तर सफाईवर भागवा. जिथून पगार, जीएसटी, आरटीजीएस होतं तिथे नाही.

बॅकअप घेताना अख्खं 'यूझर्स' फोल्डर उचलू नका, ॲपडेटा त्यातच आहे. टॅलीचं डेटा फोल्डर, पीडीएफ, फोटो, साध्या एक्सेल फायली एवढंच. ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, शॉर्टकट, झिप आणि जमवून ठेवलेले सेटअप सोडून द्या. विंडोजचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवा, आणि पावसाळ्याआधी बनवून ठेवा. जुलैत रेंज दोन काड्यांवर असताना चार-पाच जीबी उतरवणं म्हणजे दोन दिवस गेले. जुन्या मशीनवर विंडोज १० परत टाकत असाल तर त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, हे लक्षात घेऊन ठरवा.

नवं विंडोज टाकल्यावर रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं खातं द्या. त्याने ट्रोजन पूर्ण अडत नाही, पण डिफेंडरचं एक्स्क्लूजन त्याला गुपचूप घालता येत नाही, आणि वर पाहिलं तसं निम्मा खेळ तिथेच असतो. दुसरं, जेएस आणि व्हीबीएस फायलींवर राइट क्लिक करून 'ओपन विथ'मध्ये नोटपॅड कायमचं ठरवून द्या. मग कोणी चुकून डबल क्लिक केलं तर फाईल चालण्याऐवजी अगम्य अक्षरांचं पान उघडतं. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवू नका. एजंट टेस्लासारखे ट्रोजन पहिल्यांदा तिथेच हात घालतात.

होमस्टेवाल्यांना एक वेगळी सूचना. मार्च २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने उघड केलेल्या एका प्रकारात बुकिंग डॉट कॉमच्या नावाने हॉटेलवाल्यांना मेल जातो: पाहुण्याने वाईट रिव्ह्यू दिलाय, उत्तर द्या. लिंक उघडली की 'मी रोबो नाही' छाप पान, आणि त्यावर सूचना: विंडोज आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तुमच्याच हाताने हुकूम चालवून घेतात. अटॅचमेंट नाही, त्यामुळे मेलचा अँटिव्हायरस गप्प. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या गर्दीत रिव्ह्यूची भीती असतेच. मेलमधली लिंक न दाबता ॲप उघडून तिथे बघा. रिव्ह्यू खरा असेल तर तिथे दिसेलच. आणि कोणी ती बटणं दाबून मोकळं झालं असेल, तर 'डाउनलोड्स'मध्ये काही सापडणार नाही. सरळ नेट तोडा आणि टास्क शेड्युलर, एक्स्क्लूजन्स, ऑटोरन्स याच क्रमाने बघायला लागा.